ओके येईपर्यंत

३ जुलै

माझ्या नवऱ्याला, अनुपला, कंपनीने जानेवारीत डायरी दिली होती. सहा महिने ती टीव्हीखाली पडून होती. पहिल्या पानावर लेकीने, सम्यकाने, हत्ती काढून ठेवलाय, त्याला पाच पाय आहेत. आजपासून डायरी माझी. कुणाशी तरी बोलायला हवं, नाहीतर मी एक दिवस मंगरूभाऊच्या भाजीगाडीपाशी काहीतरी बोलून बसेन.

आज तसं होता होता राहिलं. काटेरी वांगी आली होती, छोटी, तकतकीत. मी दोन उचलली तर मंगरूभाऊ म्हणाला, "घेऊन घ्या ताई. पैशे जेवणाच्या सुट्टीत देजा. मले मालूम हाय आता." शेजारची रोशनी कोथिंबीर निवडता निवडता खुदकन हसली. म्हणजे बोरगाव मेघेतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळलंय की माझ्याकडे पैसे फक्त जेवणाच्या सुट्टीत असतात.

त्याचं असं आहे. मी माझ्या फोनवरून स्कॅन केलं की ते अनुपच्या फोनवर जातं. त्याने पाहून पिन टाकला की दुकानदाराला पैसे मिळतात. पगार त्याचा, खातं त्याचं, बोट तेवढं माझं. पण कंपनीत शिफ्टला जाताना फोन गेटवर जमा करतात आणि तो हातात येतो जेवणाच्या सुट्टीत. म्हणून दूधवाला, शाळेची व्हॅन, मेडिकल, किराणा, सगळ्यांकडे मी त्या अर्ध्या तासात धावत असते. त्याचं हे ओके यायला उशीर झाला की मागणी रद्द होते. मग परत पाठवा, परत दुकानदाराकडे पाहून हसा.

ही सोय अनुपने मागच्या दिवाळीनंतर केली. त्याआधी तो पगाराच्या नोटा आणून कपाटात ठेवायचा आणि महिना संपता संपता त्या कुठे गेल्या यावरून आमचं वाजायचं. आता घरात रोख ठेवतच नाही. तो म्हणतो, "दोघाचा एकच खिसा. त्याच्यात लपवाछपवी कायची?" आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवते, कारण रागात असले की मी ती विसरते: त्याने एकदाही नकार दिलेला नाही. दारू नाही, हात उचलणं नाही, नकार नाही. फक्त संध्याकाळी चहा पिताना गोड आवाजात विचारतो, "ते जनरल स्टोअरचं काय होतं व?" मग मी तोंडी परीक्षेला बसल्यासारखी सांगते, सम्यकाची पेन्सिल, खोडरबर, एक सुईदोरा.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे अरे-तुरे करणार आहे. कुठेतरी तेवढी मोकळीक असू दे.

९ जुलै

अंकिताचा फोन. आम्ही दोघी डीएमएलटीला, लॅबच्या डिप्लोमाला, एका बाकावर होतो. ती वर्ध्यात प्रफुल्ल सरांच्या लॅबमध्ये आहे. तिथली एक मुलगी लग्न होऊन चाललीय, जागा रिकामी होतेय. सकाळी आठ ते दोन, रविवार सुट्टी. सरांना मी आठवते म्हणे. महिनाअखेरपर्यंत हो की नाही सांगायचं.

फोन ठेवल्यावर मी उगाचच किचनचा ओटा दोनदा पुसला. सम्यका दीडला व्हॅनने येते, अर्धा तास रोशनी तिला बघेल. आठ ते दोन म्हणजे माझ्यासाठी मापून शिवलेली नोकरी.

संध्याकाळी अनुपला सांगितलं. तो बूट काढत होता. म्हणाला, "पाहू न. घाई काय हाय?" मी म्हटलं, घाई महिनाअखेरची आहे. तो म्हणाला, "हो, तेच म्हणून राह्यलो, पाहू." अनुपच्या 'पाहू'मध्ये आमच्या लग्नाची पाच वर्षं राहतात.

१६ जुलै

आज लिहायला लाज वाटतेय, तरी लिहिते.

माझी ब्रेसियर फाटली. बाजारात गेले, दुकानात पसंत केली, काउंटरवर आले. समोर स्कॅन करायची पाटी आणि त्यावर दुकानाचं नाव ठळक अक्षरात: स्वीटी लेडीज इनरवेअर. जेवणाची सुट्टी चालू होती. अनुप या वेळी चार मित्रांबरोबर डबा उघडून बसलेला असतो, फोन मधोमध. मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. फोन वाजणार, कुणीतरी वाकून वाचणार, कुणीतरी अनुपच्या पाठीवर थाप मारणार.

"राहू द्या, साइज घरी पाहून येते," असं म्हणून निघाले. दुकानातल्या बाईने अंगावरून एक नजर फिरवली. घरी येऊन जुनीलाच सेफ्टी पिन लावली.

अनुपने यातलं काहीही केलेलं नाही. त्याला ठाऊकही नाही. तो नाही म्हणायच्या आधीच मी स्वतःला नाही म्हणते, आणि हे आता इतकं अंगवळणी पडलंय की पाणीपुरीवाला दिसला तरी मी रस्त्याची दुसरी बाजू धरते. माझा जीव गुदमरतो. कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, नवरा सगळं देतो, हिला काय धाड भरली.

२२ जुलै

भांडण झालं. नोकरीवरून. मी विचारलं, नक्की अडचण काय आहे ते तरी सांगा.

"माह्या पगारात भागत नाई का तुह्यं?"

"भागतं. भागण्याचा प्रश्न नाही."

"मंग?"

सेफ्टी पिनचं सांगायचं होतं, ते तोंडातून फुटेना. मग तोच बोलला. हळू बोलला, आणि ते मला ओरडण्यापेक्षा जड गेलं. "माही आई लोकाच्या वावरात निंदाले जात होती. मी शाळेतून येत होतो त रस्त्यानंच दिसे, दुसऱ्याच्या धुऱ्यावर वाकून. तवाच ठरवलं होतं, माही बायको कोणाच्या कामाले नाई जाईन."

गावी रोहण्याला सासरे रामाजी वारले तेव्हा अनुप सातवीत होता. सासूबाईंनी निंदण-खुरपण करून त्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. यावर मी काय बोलणार? लॅबमध्ये एसी असतो हो, असं म्हणू? उठून कणीक मळायला घेतली. त्यालाही वाटलं असेल, जिंकलो.

२८ जुलै

एक गंमत. आज सोमवार. सकाळी मंगरूभाऊकडे सवयीने स्कॅन केलं. आता रद्द होणार, मग दुपारी परत पाठवू म्हणून पिशवी भरतच होते, तर टिंग. ओके. सकाळी साडेनऊला!

मंगरूभाऊनेही फोन दोनदा पाहिला. "आज भाऊची सुट्टी हाय का?" नाही हो, सकाळीच डबा घेऊन गेलेत.

२९ जुलै

आजही. दूधवाल्याचे साडेआठला, मेडिकलचे अकराला. पाठवायचा अवकाश की ओके.

संध्याकाळी विचारलं. अनुप म्हणाला, "नवीन साहेब आले. फोन सोबत ठेवू देतात आता." मी म्हटलं, भला माणूस दिसतो. तो म्हणाला, "हो," आणि सम्यकाला घेऊन अंगणात गेला.

३१ जुलै

आज महिनाअखेर. दिवसभर विचार केला.

मला खरंच नोकरी हवी होती का, की दुकानात ताटकळत उभं राहणं नको होतं? गेल्या चार दिवसांत मी कुठेही ताटकळले नाही. स्वीटीच्या दुकानात परत जाऊन दोन घेऊन आले, एक सोडून दोन. ओके लगेच आलं आणि संध्याकाळी त्याने काही विचारलंही नाही. परवा सम्यकाबरोबर पाणीपुरी खाल्ली. मला वाटतं आमच्या भांडणाचा त्याच्यावर परिणाम झालाय. बोलून दाखवणं त्याच्या स्वभावात नाही, तो असा करून दाखवतो. कामाच्या धबडग्यात माणूस आपला फोन हातात धरून बसतो, बायको कुठे अडायला नको म्हणून. याच्यापुढे मी आठ ते दोनचा हट्ट धरायचा?

दुपारी अंकिताला नाही म्हणून कळवलं. ती म्हणाली, "पाह्य बरं, मंग म्हणशील." मी म्हटलं, नाही म्हणणार.

जेवताना अनुपला सांगितलं. मला वाटलं खूश होईल. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. मग म्हणाला, "सांगून टाकलं? आजच?" मी म्हटलं, हो, आजची मुदत होती ना. "बरं केलं," म्हणाला आणि हात धुवायला उठला. अर्धी भाकरी टाकली. भावना दाखवायला त्याला कधी जमतच नाही.

१२ ऑगस्ट

बरेच दिवस डायरी उघडली नाही. चांगलं चाललं की लिहायला सुचत नाही.

नवीन साहेबाने अनुपला बहुतेक ऑफिसच्या कामात घेतलंय. युनिफॉर्मला ऑइलचा डाग नसतो आता, धुताना हात दुखत नाहीत. उलट मातीची धूळ असते, आणि माणूस सावलीत काम करून काळवंडलाय कसा कोण जाणे. मी चिडवलं, कंपनीच्या गच्चीवर बसवतात का? तो हसला. डबाही चाटूनपुसून रिकामा येतो. पूर्वी भाजी उरायची, मित्रांचं खायचा.

बाजारभावाचीही खबर ठेवायला लागलाय. काल म्हणाला, "कांदा उतरला, आताच घेऊन ठेवजो." ज्या माणसाला कांदा आणि लसूण एकाच भावाने मिळतात असं वाटायचं, तो.

२४ ऑगस्ट

काल तान्हा पोळा झाला. सम्यकाला लाकडी बैल हवा होता आणि दुकानातले बैल महाग. मी विषय काढला नाही. तर अनुपने परवा पिशवीतून एक बैल काढला. सागाच्या तुकड्यातून कोरलेला, वशिंड, शिंगं, गळ्यात सुतळीची माळ, खाली चार चाकं. पॉलिश पेपरने असा घासलेला की हात फिरवत राहावा.

कुठून आणला विचारलं तर म्हणाला, कंपनीतल्या एका दोस्ताने बनवून दिला. मी म्हटलं, एवढा वेळ कुठून मिळतो त्या दोस्ताला? अनुपने बैलाचं एक चाक बोटाने फिरवून पाहिलं. सम्यकाने बैल गल्लीभर फिरवला आणि खाऊ गोळा करून आणला.

३ सप्टेंबर

किराणा दुकानात आज पैसे अडकले. ओके आलं पण पुढे जाईना. अनुपला फोन केला तर म्हणाला सर्व्हर डाउन आहे, सामान ठेवून जा, संध्याकाळी मी आणतो. संध्याकाळी खरंच घेऊन आला. तेलाची पिशवी मात्र छोटी आणली. पाच वर्षांत मोठी-छोटीतला फरक कळला नाही या माणसाला.

परवाही एकदा असंच सर्व्हरचं झालं होतं. बँकवाले पगार कसले घेतात?

११ सप्टेंबर

आज सगळं क्रमाने लिहायला हवं.

सम्यकाला तीन दिवस ताप होता. डॉक्टरांनी आज डेंग्यूची तपासणी लिहून दिली. जवळची लॅब म्हणजे प्रफुल्ल सरांचीच. माझ्या जागेवर दुसरी मुलगी होती, कडक इस्त्रीचा एप्रन. तिने सम्यकाचा हात धरला तेव्हा माझ्या मनात आलं, हिची शीर चुकावी. स्वतःच्या पोरीच्या हातात सुई जाताना हे माझ्या मनात आलं. तिने एका टोचण्यात रक्त घेतलं.

काउंटरवर स्कॅन केलं. ओके लगेच आलं. पैसे गेले नाहीत. परत केलं. ओके आलं, पैसे गेले नाहीत. मी अंकिताला म्हटलं, सर्व्हरचा काय वैताग आहे बघ ना. तिने माझा फोन हातात घेतला, वाचला आणि मला बाजूला नेलं. "मयुरी, सर्व्हर नाई व हा. खात्यात पैशेच नाईत."

मला वाटलं तिला काही कळत नाही. अनुपला फोन लावला. "तिथंच थांब, येतो," म्हणाला आणि आलाच. सम्यकाने बिस्किटाचा पुडा अजून संपवला नव्हता, तेवढ्यात दारात उभा. अंगात कंपनीचा युनिफॉर्म. त्याने खिशातून नोटा काढल्या. बारीक घडी घातलेल्या, घामाने ओलसर. आमच्या घरात वर्षभर नोट दिसलेली नाही आणि हा माणूस काउंटरवर नोटा सरळ करून ठेवत होता.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा मी विचारलं, "तुम्ही कुठून आले?"

"कंपनीतून."

"पाऊण तासाचा रस्ता इतक्यात संपला?"

त्याने सम्यकाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मग सांगितलं. कंपनीतला कामगारांचा ठेका बदलला. नवीन ठेकेदाराने जुन्यांना घेतलं नाही. "आम्ही बारा-तेरा जण होतो. गेटवरच सांगतलं, उद्यापासून येऊ नका."

"केव्हा?"

"जुलैतच. शेवटच्या शनिवारी."

तेव्हापासून तो रोज डबा घेऊन निघतो. मार्केट यार्डात कधी पोती शिवायला, कधी काट्यावर मापाला कुणी बोलावतं. नाही बोलावलं त्या दिवशी यार्डाच्या शेडमागे बसतो. फोन हातात धरून.

१२ सप्टेंबर

सम्यकाला डेंग्यू नाही. साधा ताप निघाला. आता मी नीट चिडू शकते.

नोकरी गेली याचा राग नाही. कोणाची जात नाही? मला राग एकतीस जुलैचा आहे. मी ताटावर बसून सांगत होते, नोकरी सोडली, तुमच्यासाठी सोडली, आणि हा माणूस पाच दिवसांपासून बेकार होता. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? अर्ध्या तासाच्या आत मी अंकिताला परत फोन केला असता. आज त्या खुर्चीवर मी असते, घरात पगार असता आणि त्याला शेडमागे बसावं लागलं नसतं.

हे सगळं त्याला बोलले. एकेक शब्द बोलले. तो म्हणाला, "तुले जाऊ नको म्हणून मीच सांगतलं होतं न. चार दिवसात कोणत्या तोंडानं म्हणू, जाय म्हणून?"

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. मी ज्याला प्रेम समजत होते ते काय होतं? एक रिकामा माणूस, हातात फोन, दुसरं काही काम नाही. ते लगेच येणारं ओके. मी दीड महिना त्याच्यावर खूश होते. इतकी मूर्ख मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

१४ सप्टेंबर

नातीचा ताप ऐकून सासूबाई रोहण्याहून आल्या. पिशवीत तुरीची डाळ आणि बोरकूट. वर्षावास चालू आहे, संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून विहारात ग्रंथ ऐकायला जातात. पौर्णिमेपर्यंत राहणार.

त्या आंघोळीला गेल्या तेवढ्यात अनुप कानाशी येऊन म्हणाला, "आईले नको सांगजो. काई झालं तरी."

म्हणून आज सकाळी मी डबा भरला. त्याने युनिफॉर्म घातला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सांभाळून जाजो बाबू, मशीनपाशी ध्यान ठेवजो." तो "हो आई" म्हणाला. मी डबा हातात देताना म्हटलं, वेळेवर या. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच कसंतरी झालं. परवा ज्याला खोटारडा म्हणाले त्याच्या खोट्याला आज मी पोळी लाटून दिली.

२० सप्टेंबर

रोज तेच. रोशनी विचारते, भाऊची ड्युटी कशी चालू आहे, मी म्हणते मस्त. सासूबाई विचारतात, दिवाळीचा बोनस कवा होते, मी म्हणते होईल. पूर्वी मला एका ओकेची वाट पाहावी लागायची. आता दिवसभर तोंडाला कुलूप. घर तेच, दोन खोल्या, पण कुठेही उभी राहिले तरी मी कुणाच्या तरी नजरेसमोर आहे असं वाटतं. संडासात जाऊन रडले आज. नळ सोडून.

२४ सप्टेंबर

अंकिताने फोन केला. लॅबमध्ये जागा नाही, पण सरांना घरोघर जाऊन रक्त घेणारं माणूस हवंय. म्हातारी माणसं, शुगरवाले, सकाळी उपाशीपोटी. घरामागे पैसे मिळतात. गाडी आपली. मी विचारलंच नाही कुणाला, हो म्हटलं. ती म्हणाली, खात्याचा नंबर पाठव. मी पाठवायला बसले आणि लक्षात आलं, मला पाठ आहे तो अनुपच्या खात्याचा. माझं लग्नाआधीचं खातं आहे कुठेतरी, बंद पडलेलं. त्याचं पासबुक माहेरी आष्टीला आहे. आईला शोधायला सांगितलं.

संध्याकाळी अनुपला सांगितलं. सासूबाई विहारात गेल्या होत्या म्हणून आम्ही दबकून बोलत नव्हतो. तो एकदम उसळला. पाच वर्षांत त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

"लॅबमंधी बसली असती त वेगळं होतं. हे लोकाच्या दारोदार? बेल वाजवून उभी राह्यशील?"

"राहीन. तुम्ही शेडमागे बसता, त्यापेक्षा बरं."

"आईसारखी गत नाई होऊ देणार मी तुही. लोकाच्या दारात माह्या घरची बाई..."

दारात चप्पल वाजली. सासूबाई उभ्या होत्या. विहारात लाइट गेली म्हणून लवकर आल्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी पदर सारखा केला, आत आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि अनुपकडे पाहत राहिल्या.

"काय गत झालती रे माही?"

अनुप फोनच्या चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

"मी निंदाले जात होती. दिवसभर बायाईसंगं हसत होती, गाणे म्हणत होती, संध्याकाळी माह्या हातात पैशे राहत. तुहा बाप होता तवाबी त्याले मी कवा एक रुपया मांगला नाई. माही चांगली गत होती." मग त्या म्हणाल्या, "शाळेतून येताना तू मले पाहून रस्ता बदलत होता. मले दिसे. मले वाटे पोरगा दमला असन, घाईत असन. तुले माही लाज वाटत होती काय रे?"

अनुपने नाही म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हण, नाही म्हण, खोटं तर खोटं म्हण, दोन महिने तेच केलंस ना. तो खाली पाहत राहिला. सासूबाई उठल्या आणि सम्यकाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला आत गेल्या. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही.

२९ सप्टेंबर

आज पहिला दिवस. तीन घरं.

सकाळी मी किट बॅगेत भरत होते तर अनुप गाडी पुसून उभा. म्हणाला, "बस." मी बसले. युनिफॉर्म घातला नव्हता, साधा शर्ट होता. सासूबाई सम्यकाची वेणी घालत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. चार दिवसांत मायलेक एकमेकांशी गरजेपुरतंच बोललेत.

पहिलं घर आमच्याच वस्तीत, तीन गल्ल्या सोडून. सदाशिवराव म्हणून रिटायर मास्तर आहेत, अनुपला नावाने ओळखतात. फाटकापर्यंत गाडी न नेता अनुपने ती कोपऱ्यावरच थांबवली. मी उतरले, फाटक उघडलं, बेल वाजवली. मास्तरीणबाईंनी आत घेतलं. मास्तरांची शीर पहिल्याच वेळी मिळाली. नळीत रक्त चढताना पाहिलं आणि मला एकदम मोकळं वाटलं, किती महिन्यांनी ते सांगता येणार नाही. बाईंनी चहा विचारला. मी नको म्हटलं.

त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. कोपऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "संगं कोणी आलं हाय का? त्याईले बी बलावून घ्या न आत."

अनुप गाडीवर बसला होता. उन्हात, डोक्यावर हेल्मेट, काच खाली ओढलेली. आमच्याकडे पाठ करून. मी बाहेर येईपर्यंत त्याने ते काढलं नव्हतं, आणि नंतरच्या दोन्ही घरांपाशीही काढलं नाही.

मी त्याला हाक मारणार होते. मग म्हटलं, "नाही, मी एकटीच आले." आणि बाई आत जाईपर्यंत गाडीकडे न जाता फाटकापाशीच उभी राहिले.